छोटा डबा, खोल बास: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात म्हटलं होतं की स्पीकरच्या डब्यांबद्दल काही अडत असेल तर विचारा, आणि जवळपास सगळ्यांनी एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली: डबा लहान हवा, बास खोल हवा, वर तो स्वच्छ पण हवा. सारखे प्रश्न एकत्र केलेत, थोडे छाटलेत. आकडे टाळता आले असते पण मग सगळी उत्तरं "ते अवलंबून असतं" इथेच संपली असती, त्यामुळे जरा आकडेमोड सहन करा.

प्रश्न: माझ्याकडे सव्वापाच इंची वूफरची चांगली जोडी पडून आहे. टेबलावर बसतील असे ६-६ लिटरचे डबे करायचेत आणि ३० हर्ट्झपर्यंत बास हवाय. सील्ड करू की पोर्टेड?

सील्ड (पूर्ण बंद डबा) की पोर्टेड (हवेसाठी पाइपचं भोक ठेवलेला डबा) ते नंतर, आधी हवेचा हिशोब. बास म्हणजे शेवटी किती हवा हलवली एवढंच असतं, डबा स्वतःहून बास तयार करत नाही. तुमच्या साइजच्या वूफरच्या कोनचं क्षेत्रफळ साधारण ८८ चौरस सेंटिमीटर धरा आणि एक्समॅक्स, म्हणजे कोन एका बाजूला नीट किती सरकतो ते, ४ मिलिमीटर धरा. म्हणजे एका ढकल्यात फक्त ३५ घन सेंटिमीटर हवा. बंद डब्यात एवढ्या हवेतून एक मीटरवर ८० हर्ट्झला ९५ डीबीच्या (डेसिबल, आवाजाची पातळी) आसपास मिळतात, ४० हर्ट्झला ८३, आणि ३० हर्ट्झला जेमतेम ७८. फ्रिक्वेन्सी निम्मी केली की तेवढाच आवाज काढायला कोनला चौपट सरकावं लागतं, त्यातून कोणाचीच सुटका नाही, कितीही महाग मॅग्नेट असू दे. आणि ३० हर्ट्झला माणसाच्या कानाला ऐकू यायला सुरुवातच साधारण ६० डीबीला होते, म्हणजे ७८ डीबी ऐकून "बास आहे बहुतेक" असं वाटेल, त्यापलीकडे काही नाही. दोन स्पीकर मिळून ६ डीबी वाढतील, खोलीच्या भिंती अजून थोडी मदत करतील, तरी जे तुमच्या मनात आहे ते नाही होणार.

याच्यावर एक जुना नियम आहे, हॉफमनचा लोखंडी नियम म्हणतात त्याला. केएलएच या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतला एच म्हणजे हा हॉफमन, १९५७ साली सुरू झालेली कंपनी. नियम असा की लहान डबा, खोल बास आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज या तिघांपैकी दोनच निवडा, तिसरं सोडून द्या. आणि हे नुसतं बोलायचं वाक्य नाहीये, हिशोब पण आहे त्यामागे: डबा निम्मा केला आणि बास तेवढाच खोल ठेवला तर सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॉटमध्ये मिळणारा आवाज) ३ डीबीने जाते, पण डबा तोच ठेवून कटऑफ (ज्याच्या खाली बास गळायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) निम्म्यावर आणला तर तब्बल ९ डीबी जाते. म्हणजे लिटर कमी करणं त्या मानाने स्वस्त पडतं, हर्ट्झ खाली नेणं महाग पडतं. बहुतेकांना उलटं वाटतं.

तुमच्या जोडीचं काय करायचं? ६ लिटरमध्ये ५५ हर्ट्झच्या आसपास थांबा आणि पॅरामीटर जुळत असतील तर पोर्टेड करा, टेबलावर मस्त वाजतील. त्याच्या खालचं हवं असेल तर वेगळा सबवूफर घ्या. ८ इंची आणि ८ मिलिमीटर एक्समॅक्सचा एकच ड्रायव्हर ३० हर्ट्झला तुमच्या एका वूफरपेक्षा १३-१४ डीबी जास्त देतो, मग त्या बिचाऱ्या सव्वापाच इंचीला कशाला राबवायचं.

प्रश्न: सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये एकच ड्रायव्हर तीन सील्ड डब्यांत टाकून बघितला, ४, ८ आणि २० लिटर. ड्रायव्हरचा एफएस ३८, क्यूटीएस ०.३८, व्हीएएस २० लिटर. तिन्हीचा एफ३ सत्तर ते शहात्तरच्या मधेच येतोय! सॉफ्टवेअर गंडलंय का? की ४ लिटरचाच करून टाकू, जागा पण वाचेल?

सॉफ्टवेअर ठीक आहे, आणि प्रश्न एक नंबर आहे, कारण एफ३ (आवाज ३ डीबीने खाली येतो ती फ्रिक्वेन्सी) बघून डबा ठरवणारे सगळे इथेच फसतात.

कागदावर करून बघू. एफएस म्हणजे मोकळ्या ड्रायव्हरचा रेझोनन्स, ज्या फ्रिक्वेन्सीला तो सगळ्यात सहज हलतो ती. क्यूटीएस म्हणजे ते हलणं किती आवरलेलं आहे त्याचा आकडा, डब्यात बसवल्यावर त्यालाच क्यूटीसी म्हणतात. व्हीएएस म्हणजे ड्रायव्हरच्या सस्पेन्शनएवढी मऊ हवा किती लिटर ते. व्हीएएसला डब्याच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा, आणि त्या आकड्याने एफएसला पण गुणा आणि क्यूटीएसला पण गुणा. ८ लिटरला तो आकडा १.८७ येतो, म्हणजे डब्यातला रेझोनन्स ७१ हर्ट्झ आणि क्यूटीसी ०.७१. ४ लिटरला रेझोनन्स ९३, क्यूटीसी ०.९३. २० लिटरला ५४ आणि ०.५४. आता गंमत बघा, ४ लिटरवाल्याचा क्यूटीसी जास्त म्हणून त्याचा ग्राफ पडायच्या आधी थोडा फुगतो, एक डीबीपेक्षा कमीच, पण त्या फुगवट्यामुळे ३ डीबी खाली यायला त्याला वेळ लागतो आणि एफ३ ७६ दिसतो. २० लिटरवाला लवकर कलायला लागतो पण अगदी सावकाश कलतो, त्याचा एफ३ पण ७५. म्हणून दोघं सारखे दिसतात. जरा खाली उतरून १० डीबीचा बिंदू बघा, तिथे खरं काय ते कळतं: ४ लिटरचा एफ१० ५० हर्ट्झ, ८ लिटरचा ४१, २० लिटरचा ३५. कानाला हा फरक चांगलाच जाणवतो, कारण खोलीत खालच्या फ्रिक्वेन्सीला भिंतींचा आधार मिळतो आणि सावकाश कलणारा ग्राफ त्या आधारावर बराच सपाट होऊन जातो.

हे का होतं ते पण सांगतो. बंद डब्यातली हवा म्हणजे स्प्रिंग, सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा ढकलला की कसा परत येतो तसंच. डबा लहान तेवढी स्प्रिंग कडक, रेझोनन्स वर. १९५४ साली एडगर विल्चरने एआर-१ स्पीकरमध्ये याचाच फायदा करून घेतला, कोनचं स्वतःचं सस्पेन्शन मुद्दाम ढिलं ठेवलं आणि परत ओढायचं काम हवेवर सोपवलं, कारण हवेची स्प्रिंग रबर आणि कापडाच्या स्प्रिंगपेक्षा जास्त सरळ वागते, म्हणजे डिस्टॉर्शन कमी. त्या काळात चांगला बास म्हटलं की भलंमोठं कॅबिनेट हे ठरलेलंच होतं, शेल्फवर बसणाऱ्या डब्यातून १२ इंची वूफर तसा वाजतोय हे बघून लोक चक्रावले असणार.

तुमच्यासाठी माझं मत ८ लिटर. ४ लिटरचा डबा पहिल्यांदा ऐकताना जास्त "पंची" वाटेल, दुकानात तोच विकला जातो, पण घरी महिनाभर ऐकल्यावर तोच फुगवटा डोक्यात जातो.

प्रश्न: वरचाच विषय पुढे. सील्ड सबवूफर आहे, ८ इंची, ५० हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज पडत जातो. ॲम्पमध्ये डीएसपी (आवाजाचा आकार बदलणारी डिजिटल चिप) आहे. इक्वलायझरने उचलून २५ हर्ट्झपर्यंत सपाट करता येईल का? मित्र म्हणतो असं करणं म्हणजे चीटिंग.

मित्राला म्हणावं चीटिंग बिटिंग काही नाही, याला लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म म्हणतात आणि सीगफ्रीड लिंकविट्झ हा काही ऐरागैरा माणूस नव्हता, क्रॉसओव्हरमधलं, म्हणजे वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणाऱ्या सर्किटमधलं, लिंकविट्झ-रायली त्याच्याच नावाचं. सील्ड डबा ऑक्टेव्हला (म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की) १२ डीबीने शिस्तीत उतरतो, म्हणून त्याला उलट आकाराचा बूस्ट देऊन हवा तसा सपाट करता येतो. लहान डब्यातून खोल बास काढायचा मला तरी सगळ्यात आवडता रस्ता हाच आहे.

फक्त बिल कुठे फाटतं ते बघा. ५० वरून २५ म्हणजे एक ऑक्टेव्ह, तळाशी १२ डीबी बूस्ट, म्हणजे १६ पट पॉवर. जिथे ४ वॉट पुरत होते तिथे ६४ लागणार. आणि कोन चौपट सरकणार. ८ मिलिमीटर एक्समॅक्स असेल तर २५ हर्ट्झला एक मीटरवर ८९ डीबीच्या आसपास छत आहे, त्याच्या वर इक्वलायझरमध्ये काहीही करा, व्हॉइस कॉइल गॅपच्या बाहेर जाऊन नुसतं डिस्टॉर्शन मिळणार. म्हणून बूस्टसोबत लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारी सोय) लावा, किंवा डीएसपीत सोय असेल तर आवाज वाढला की बूस्ट आपोआप कमी होईल असं सेट करा. हळू आवाजात कान तसाही बास कमी ऐकतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलंय, त्यामुळे हळू आवाजात पूर्ण बूस्ट आणि जोरात असताना कमी ही तडजोड कानाला खटकत नाही.

प्रश्न: १२ लिटरचा पोर्टेड डबा, ट्यूनिंग ४२ हर्ट्झ. ५ सेंटिमीटर व्यासाचा पाइप घेतला तर लांबी २४ सेंटिमीटर येते आणि डब्याची आतली खोली आहे २२. तीन सेंटिमीटरचा पाइप घेतला तर ८ सेंटिमीटरमध्ये काम होतं. तोच लावू ना मग?

नका लावू. पोर्टचा अर्थ कळला की का नको ते आपोआप कळेल. पोर्टमधली हवा हा एक गोळा आहे आणि डब्यातली हवा त्याची स्प्रिंग, दोघं मिळून एका फ्रिक्वेन्सीला जोरात हलतात, तेच ट्यूनिंग. बेल लॅब्जमध्ये अल्बर्ट थुरास यांनी १९३० साली पेटंटसाठी अर्ज केला तो याचाच. ट्यूनिंगच्या फ्रिक्वेन्सीला कोन जवळजवळ थांबतो आणि सगळं काम पोर्ट करतो. म्हणजे कोनने जी हवा हलवायची ती आता त्या भोकातून जाणार, आणि भोक लहान असेल तर ती जोरात जाणार.

४२ हर्ट्झला एक मीटरवर ८९ डीबी हवे असतील तर ५ सेंटिमीटरच्या पाइपात हवेचा वेग सेकंदाला ८ मीटरच्या आसपास जातो. ३ सेंटिमीटरच्या पाइपात २२ मीटर. साधारण १७ मीटरच्या वर गेलं की हवा पोर्टच्या काठावर भोवरे करायला लागते आणि फुस्स फुस्स ऐकू येतं, अजून जोरात वाजवलं की पोर्ट दमतो, म्हणजे आवाज वाढवला तरी बास वाढतच नाही. ३ सेंटिमीटरचा पाइप नुसत्या गप्पांच्या आवाजाला ठीक आहे, गाण्याला नाही. ५ वाल्यात पण ९५ डीबीला वेग १६ मीटरवर जातो, म्हणजे तो पण काठावरच पास आहे.

मग करायचं काय. सगळ्यात सोपं म्हणजे पाइपला एल्बो लावून डब्यात वळवा, २४ सेंटिमीटर मध्यरेषेवरून मोजायचे, बास फ्रिक्वेन्सीला वळणाने विशेष काही बिघडत नाही. पाइपचं आतलं तोंड आणि समोरची भिंत यात निदान पाइपच्या व्यासाएवढं अंतर ठेवा. दोन्ही टोकांना गोलाई द्या, फ्लेअर, त्याने भोवरे बरेच उशिरा सुरू होतात. डब्याच्या तळाशी फळी टाकून स्लॉट पोर्ट केला तरी चालतो पण स्लॉट फार चपटा नको, घर्षण वाढतं. आणि पाइप आत जी जागा खातो ती विसरू नका, तुमच्या केसमध्ये जवळपास ०.६ लिटर, शिवाय ड्रायव्हरचा मॅग्नेट आणि ब्रेसिंग, ते सगळं १२ च्या वर धरायचं.

७ सेंटिमीटरचा पाइप आदर्श असता पण त्याची लांबी ४९ सेंटिमीटर येते आणि तेवढा लांब पाइप बासुरीसारखा स्वतःच्याच सुरात वाजतो, साडेतीनशे हर्ट्झच्या थोडं खाली, म्हणजे बरोबर माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात. लहान डबा आणि खोल ट्यूनिंग एकत्र आलं की पोर्टचं गणित असं सगळीकडून आवळत जातं.

अजून एक, ट्यूनिंगच्या खाली पोर्टेड डब्यात कोनला आधारच उरत नाही, डबा जणू उघडाच आहे असं कोन हलतो. ४२ ला ट्यून केलंय तर ३५ च्या खालचं हाय-पास फिल्टरने कापा, नाहीतर एखाद्या सिनेमाच्या स्फोटाला वूफर जाईल आणि तुम्ही ॲम्पला शिव्या द्याल.

प्रश्न: पॅसिव्ह रेडिएटर लावला की पोर्टची ही सगळी कटकट संपते असं ऐकलं. खरंय का?

बरीचशी संपते. फुसफुस नाही, पाइपचा सूर नाही, लांबी बसवायची डोकेदुखी नाही. पोर्टमधल्या हवेच्या जागी मॅग्नेट-कॉइल नसलेला वजनदार कोन आला एवढंच, ट्यूनिंग खाली न्यायचं तर मागच्या स्क्रूवर वॉशर चढवायचे. ढोबळ मानाने वजन चौपट केलं की ट्यूनिंग निम्म्यावर येतं.

लोक चुकतात ते साइजमध्ये. वूफरएवढाच रेडिएटर लावतात. त्याने वूफरच्या निदान दुप्पट हवा हलवायला हवी, म्हणजे एक तर मोठा घ्या किंवा दोन घ्या. दोन घेतले तर समोरासमोरच्या भिंतींवर लावा, म्हणजे दोघांचे धक्के एकमेकांना मारतात आणि हलका डबा टेबलावर चालायला लागत नाही. रेडिएटरच्या स्वतःच्या रेझोनन्सला आवाजात एक खड्डा पडतो, तो ट्यूनिंगच्या खाली असतो आणि जेवढा लांब खाली तेवढं बरं. १० लिटरच्या आतल्या डब्यात ४५ हर्ट्झच्या खाली जायचं असेल तर मी पोर्टचा विचारच करत नाही, सरळ रेडिएटर किंवा सील्ड अधिक इक्वलायझर.

प्रश्न: डब्यात कापूस, ग्लासवूल, पॉलिएस्टर भरला की डबा "मोठा" होतो म्हणतात. किती मोठा? ठासून भरला तर दुप्पट?

दुप्पट कधीच नाही. हवा दाबली की गरम होते आणि त्यामुळे जास्त कडक वागते. तंतू ती उष्णता शोषून घेतात म्हणून स्प्रिंग जरा मऊ होते. अगदी कागदावरची कमाल मर्यादा ४० टक्के, प्रत्यक्षात १० ते २० टक्के मिळाले तरी खूप. मघाच्या ८ लिटरच्या उदाहरणात १५ टक्के धरले तर रेझोनन्स ७१ वरून ६८ वर येतो, बस. ठासून भरलात तर तंतूच जागा खातात आणि उलटं होतं.

सील्डमध्ये सैल भरा. पोर्टेडमध्ये फक्त भिंतींना लावा, पोर्टचं तोंड आणि ड्रायव्हरची पाठ मोकळी ठेवा, नाहीतर पोर्टचा जोर मरतो. खरं सांगायचं तर भरायचा मोठा फायदा बासला नाहीच, ३० सेंटिमीटर उंच डब्यात ५७० हर्ट्झच्या आसपास जी उभी लहर तयार होते आणि कोनमधून बाहेर येते ती मारायला असतो.

प्रश्न: मी अकरावीत आहे. माझ्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये दोन इंचीचे ड्रायव्हर आहेत तरी बास जाणवतो. मग तुमचे हे लिटर आणि हर्ट्झ खोटे की तो स्पीकर खोटा?

दोघंही खरे, थोडासा खोटेपणा तुझ्या मेंदूचा आहे. ५० हर्ट्झच्या सुरासोबत १००, १५०, २०० हर्ट्झचे हार्मोनिक्स असतात, आणि मूळ ५० काढून टाकला तरी वरच्यांमधलं अंतर बघून मेंदू ५० चा सूर आपणच ऐकतो. छोट्या स्पीकरमधली चिप हे हार्मोनिक्स मुद्दाम वाढवू शकते, आणि ते वाजवायला दोन इंची ड्रायव्हरला काही जड नाही. शिवाय बाजूंना बहुतेक रेडिएटर असतील, आणि आवाज वाढवलास की चिप गुपचूप बास कमी करते. करून बघ: टोन जनरेटरचं कुठलंही ॲप घे, २०० हर्ट्झपासून हळूहळू खाली ये. साध्या शुद्ध सुराला चिपची चलाखी फारशी चालत नाही, कुठे आवाज गायब होतो ते लगेच कळेल. आणि मग एखादं बास असलेलं गाणं अगदी हळू आणि मग फुल आवाजात लाव, फुल आवाजात बास मागे गेलेला ऐकू येईल.

यात फसवणूक नाही रे, हातात मावणाऱ्या वस्तूला दुसरा मार्गच नाही. पण छातीत धडकणारा बास हार्मोनिक्सने येत नाही, त्याला खरीच हवा हलवावी लागते.

प्रश्न: डबा गणिताप्रमाणे केला, मोजून पण पाहिला, ४५ हर्ट्झपर्यंत जातोय. तरी आवाज पातळ वाटतो, अंगच नाही त्याला. स्टँडवर, भिंतीपासून मीटरभर पुढे ठेवलेत.

हा प्रॉब्लेम बासचा नाहीच, बॅफल स्टेपचा आहे (बॅफल म्हणजे डब्याची समोरची फळी), आणि लहान डब्यांमध्ये बासच्या नावाने होणाऱ्या निम्म्या तक्रारी याच्याच असतात. वरच्या फ्रिक्वेन्सीला समोरची फळी आरशासारखी काम करते आणि सगळा आवाज पुढे ढकलते. खालच्या फ्रिक्वेन्सीला लहर फळीपेक्षा खूप मोठी असते, ती डब्याला वळसा घालून मागे पण जाते, म्हणून पुढे ६ डीबीपर्यंत कमी मिळतं. हा बदल कुठे होतो? ११५ ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीने भागा. १८ सेंटिमीटरच्या फळीला ६४० हर्ट्झ. म्हणजे पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग, तबल्याचा डग्गा, सगळंच दबतं, फक्त खोल बास नाही.

क्रॉसओव्हरमध्ये याची भरपाई करावी लागते, वरचा भाग ३ ते ६ डीबी खाली आणून. ८८ डीबीचा ड्रायव्हर मग ८३-८४ डीबीचा स्पीकर होतो, हॉफमनने परत वसुली केली असं समजा. त्यात तुमचा वूफर मागच्या भिंतीपासून मीटरभर आहे, म्हणजे भिंतीवरून परत आलेली लहर ८६ हर्ट्झला बरोबर उलटी होऊन येते आणि तिथे खड्डा पाडते. एकदा डबा भिंतीला जवळजवळ चिकटवून, वूफर २० सेंटिमीटरवर येईल असा ठेवून ऐका. खड्डा ४३० हर्ट्झवर सरकेल, तिथे तो बराच कमी त्रास देतो, आणि अंग भरेल. स्टेज, म्हणजे वादक पुढे-मागे बसल्याचा भास, थोडं चपटं होईल, ते चालवून घ्या.

प्रश्न: उलट तक्रार आहे. एकच सूर घुमतो, बाकी बास गायब. डबा बदलू का?

थांबा, आधी खोली मोजा. ३४४ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. ४ मीटर असेल तर ४३ हर्ट्झ, ३ मीटर असेल तर ५७. घुमणारा सूर यापैकी एखाद्याशी जुळला तर डब्याचा काही दोष नाही. भिंतीला टेकून बसलात तर तो सूर सगळ्यात जोरात ऐकू येतो, खोलीच्या बरोबर मध्ये बसलात तर गायबच होतो, म्हणून खुर्ची अर्धा-पाऊण मीटर पुढे-मागे सरकवणं हा पहिला उपाय आणि तो फुकट आहे. सब कोपऱ्यातून काढून बघा. मग डीएसपीने त्या एका फ्रिक्वेन्सीला अरुंद कट द्या. खड्डे मात्र इक्वलायझरने भरू नका, कितीही पॉवर ओतली तरी ते भरत नाहीत.

आणि पोर्टचं ट्यूनिंग खोलीच्या रेझोनन्सवरच येऊन बसलं असेल तर पोर्टमध्ये फोमचा बोळा कोंबून बघा. डबा जवळपास सील्डसारखा वागायला लागतो.

प्रश्न: एमडीएफ १२ मिलिमीटर चालेल का १८ च घेऊ? काही लोक २५ म्हणतात.

लहान डब्याला १८ भरपूर झालं. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, १२ वरून १८ म्हणजे सव्वातीन पटीपेक्षा जास्त. २५ घेतलात तर लिटर आतून खाल्ले जातात. त्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींना जोडणारी एक आडवी काठी टाका, बरोबर मध्यावर नको, जरा बाजूला. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस३/५ए केला, पाचेक लिटरचा सील्ड डबा, तो तर पातळ बर्च प्लायचा होता आणि आतून डॅम्पिंगचे पॅड लावलेले, म्हणजे जाडी हा एकच मार्ग नाही. त्या स्पीकरचा बास पण बघण्यासारखा आहे, खोल नव्हताच, वरच्या बासमध्ये हलका फुगवटा ठेवून तो भरलेला वाटेल असं केलेलं.

प्रश्न: माइक, मीटर काही नाही. पोर्टेड डबा बरोबर ट्यून झाला की नाही आणि कुठून लीक आहे का हे कसं कळणार?

फोनमधला टोन जनरेटर पुरतो. आवाज मध्यम ठेवा, ७० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या आणि कोनवर बाजूने टॉर्च मारून बघत राहा. एका ठिकाणी कोन जवळजवळ गोठतो आणि पोर्टपुढे धरलेल्या हाताला सगळ्यात जोरात हवा लागते, ते तुमचं ट्यूनिंग. गणितापेक्षा दोन-तीन हर्ट्झ इकडेतिकडे आलं तर सोडून द्या. जास्त वर आलं तर पाइप लांब करा, खाली आलं तर कापा, पण कापताना अर्धा-अर्धा सेंटिमीटर, कारण परत जोडता येत नाही. म्हणूनच पाइप पहिल्यांदा चिकटवूच नका, आधी लांब ठेवून टेपने अडकवा.

कोन कुठेच नीट थांबत नसेल तर लीक असण्याची शक्यता जास्त. बहुतेक वेळा टर्मिनलच्या पट्टीखालून किंवा ड्रायव्हरच्या गास्केटमधून असतो, ओला हात सगळ्या जोडांवरून फिरवला की हवेचा झोत गार लागतो. सील्ड डब्याला अजून सोपं: कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा दाबून आत न्या, क्षणभर धरा आणि सोडा. सावकाश परत आला तर डबा घट्ट आहे, झटकन आला तर कुठूनतरी हवा पळतेय. डस्ट कॅप (कोनच्या मधली गोल टोपी) मात्र दाबू नका, ती चेपली की बाहेर काढायला व्हॅक्यूम क्लीनर लावावा लागतो.